टेबलावरचे मुंडके

लहानपणी नवरात्रात कालिकेच्या यात्रेत दोन रुपयांचे तिकीट काढून आम्ही एका तंबूत शिरलो. तीन पायांच्या टेबलावर नुसते मुंडके! धड नाही. टेबलाखाली मोकळे, मागचा लाल पडदा स्वच्छ दिसतो आहे. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मुंडके म्हणाले, घरातले माणूस पौर्णिमेपर्यंत उठेल. आईने औषधाच्या पैशांतले दहा रुपये तिथे ठेवले. वडील पुढे उठले ते सिव्हिलच्या डॉक्टरांमुळे. पण आईच्या लेखी निम्मे श्रेय मुंडक्याचेच.

आम्ही बी. कॉम. आरसा म्हणजे दाढीपुरता. गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत विज्ञानाच्या एका गुरुजींना बोलावले, तेव्हा त्या तंबूचा उलगडा झाला. टेबलाच्या पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे, एकमेकांशी काटकोनात. त्यांत दिसतो तो बाजूचा पडदा. आपण समजतो मागचा. माणूस आरशांमागे गुडघ्यांवर बसतो आणि भोकातून डोके वर काढतो. जवळ गेले तर आपलेच पाय आरशात दिसतील, म्हणून पुढे दोरी! हा खेळ १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेअर नावाच्या जादूगाराने केला होता.

मग गुरुजींनी खोलीत अंधार केला. खिडकीची साधी काच उभी केली. अलीकडे पेटती मेणबत्ती, मुलांना दिसू नये म्हणून तिच्याआड पुस्तक. पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याचा ग्लास. पाण्यात मेणबत्ती जळू लागली! पोरे ओरडलीच. काच समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम आठ टक्के परत पाठवते, बाकीचा बहुतेक आरपार जातो. म्हणून ग्लासही दिसतो आणि ज्योतही. (टक्केवारी आम्हाला लगेच कळली.) ग्लास वीतभर सरकवला की ज्योत पाण्याबाहेर.

जादूला आमचा विरोध नाही. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमा काढण्यापूर्वी ‘केल्फा’ हे आपलेच उलटे नाव घेऊन जादूचे प्रयोग करीत. जादू म्हणूनच करीत. दुखणेकऱ्याच्या घरचे पैसे घेतले की ती लबाडी होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून ‘अंनिस’तर्फे गावोगाव हेच सांगितले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि मगच त्या वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला.

त्या रात्री आम्ही ती काच घरी आणून स्वयंपाकघरात आईला प्रयोग दाखवला. मुंडक्याचे आरसेही कागदावर काढून दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

“म्हणजे ते पोरगं दिवसभर टेबलाखाली गुडघ्यांवर बसायचं?” ती म्हणाली. “त्याला मालक जेवायला तरी सोडीत असेल का रे?”

दहा रुपयांचे तिने नाव काढले नाही.