गाडीतला मुक्काम आणि ज्येष्ठांची ऊब

१२ जानेवारी जवळ आली की बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजाकडे जाणारे रस्ते वाहनांनी भरू लागतात. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी पहाटेच नतमस्तक व्हावे म्हणून दूरची कुटुंबे आदल्या दिवशीच निघतात. मुक्कामाची सोय झाली नाही, तर टेम्पोत किंवा ताडपत्री बांधलेल्या ट्रकच्या हौद्यातच रात्र काढावी लागते. सोबत आजी-आजोबा असतील, तर या रात्रीची तयारी घरूनच करून निघावे.

वाढत्या वयात स्नायू घटतात, त्वचेखालची चरबी कमी होते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. मधुमेह व थायरॉइडचे विकार आणि झोपेच्या गोळ्या यांमुळे हा धोका वाढतो. म्हणून ‘मला थंडी नाही वाजत’ या शब्दांवर विसंबू नये. रात्री एकदा उठून त्यांच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागणे, बोलणे अडखळणे, अवेळी गुंगी येणे ही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली उतरत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कुडकुडणे थांबलेले असले, तरी ते बरे वाटल्याचे चिन्ह मानू नये. ओले कपडे बदलावेत, अंग व डोके पांघरुणात गुंडाळावे, पूर्ण शुद्धीत असल्यासच कोमट गोड चहा द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये.

आता गाडीविषयी. पत्रा लवकर गार होतो आणि त्यावर टेकलेल्या अंगातली उष्णता ओढून घेतो. म्हणून पांघरुणाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष अंथरुणाकडे द्यावे. आधी गोणपाट, त्यावर कोरडा कडबा किंवा थर्माकोलचे तक्ते, मग सतरंजी आणि सर्वांत वर गोधडी, असे थर रचावेत. थरांमध्ये अडकलेली स्थिर हवाच ऊब राखते; ओल आली की हा गुण नाहीसा होतो. खिडक्यांच्या काचांना मापाने कापलेला पुठ्ठा लावावा. ज्येष्ठांना मध्यभागी, पत्र्यापासून दूर निजवावे. कानटोपी, सैल पायमोजे आणि घोंगडी जवळ असावी.

मात्र गाडी पूर्ण बंद करू नये. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर साचते, थेंब होऊन टपकते आणि अंथरूण ओले करते. समोरासमोरच्या दोन बाजूंना चार बोटे फट ठेवावी.

या सदरातली सर्वांत कळकळीची विनंती पुढची आहे. शेगडी, निखाऱ्यांची पाटी किंवा गॅसची चूल गाडीत कधीही ठेवू नये, फट ठेवली तरीही. विझत आलेले, धूर नसलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो, आणि झोपेत त्याचा सुगावाही लागत नाही. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा त्रास एकाच वेळी दोघांना होऊ लागला, तर पित्त समजून स्वस्थ राहू नये. सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर कळवावे. शेकायचेच असेल, तर शेकोटी बाहेर, गाडी व कडब्यापासून दूर पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. दम्याच्या रुग्णांनी तिच्या धुरापासून लांब बसावे.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरूण ऊबदार करावे आणि ज्येष्ठ निजताना ती काढून घ्यावी. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना ती लावूच नये. भाजल्याचेही कळत नाही.

रात्री लघुशंकेसाठी उठताना आधी दोन मिनिटे बसावे, मग कुणाचा तरी हात धरून खाली उतरावे. बॅटरी, चप्पल आणि नेहमीची औषधे उशाशी ठेवावीत. घरातील एकाने तरी पाळीने जागे राहावे. आजी-आजोबांसाठी गाडीतली खरी शेगडी हीच.