माणसं मिळत नाहीत? मग वेम्ब्ली लायन्सची गोष्ट ऐकाच



“सर, बाकी सगळं आहे हो, माणसंच मिळत नाहीत.” बेकरी असो, फॅब्रिकेशनचं युनिट असो, नाहीतर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, बोलता बोलता गाडी पाच मिनिटांत याच स्टेशनावर येऊन थांबते. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य असतंच, “शिकवलं तर शिकून पळून जातात.”

या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यातून बरेच जण जो निष्कर्ष काढतात, की तयार माणूस जास्त पगार देऊन दुसऱ्याकडून फोडून आणायचा, तो मला पटत नाही. का पटत नाही, ते आज एका खेळातल्या टीमवरून सांगतो. खेळ आपल्याकडे कुणी फारसा पाहिलेला नाही, त्यामुळे आधी दोन मिनिटं त्याला देऊ.

खेळाचं नाव स्पीडवे. सैल मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटरसायकली, चार फेऱ्या, आणि कायम डावीकडेच वळायचं. गाडीला ब्रेक नाही! पाचशे सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीला टेकवत गाडी सांभाळायची. त्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधलेला असतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये या खेळाला तुफान गर्दी व्हायची, आणि सगळ्यात मोठी गर्दी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर. हो, तेच वेम्ब्ली, जिथे १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये आपण ब्रिटनला ४-० ने हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. तिथली स्पीडवेची टीम म्हणजे वेम्ब्ली लायन्स.

आता रेकॉर्ड बघा. नॅशनल लीग १९४६ ला जिंकली, १९४७ ला जिंकली. १९४८ ला न्यू क्रॉसने नेली. मग १९४९ ते १९५३ सलग पाच वर्षं परत वेम्ब्ली. आठ वर्षांत सात वेळा.

“पैसा होता त्यांच्याकडे,” असं तुम्ही म्हणाल. होताच. एवढं मोठं स्टेडियम, मालक खमका. पण १९४६ मध्ये पैसा टाकून सगळे स्टार गोळा करायची सोयच नव्हती. युद्धाच्या वर्षांत खेळ जवळपास बंद होता. तो पुन्हा सुरू करताना रायडर्सची प्रतवारी करून ते सगळ्या टीमना वाटून दिले गेले, म्हणजे कुणा एकाकडेच सगळे भारी गडी जमू नयेत. वेम्ब्लीच्या वाट्याला बिल किचन आला. मूळचा मँचेस्टरच्या बेल व्ह्यू टीमचा, वय चाळिशीकडे झुकलेलं. टॉमी प्राइस युद्धाच्या आधीपासून वेम्ब्लीचाच होता. बाकीच्यांत नवखे बरेच.

मॅनेजर ॲलेक जॅक्सनने काय केलं? लंडनच्या उत्तरेला हॉड्सडनजवळ राय हाऊस नावाचा ट्रॅक होता. तिथे नव्या पोरांना चालवून बघायचं आणि ज्यात दम दिसेल त्याला घडवायचं, हा मार्ग धरला. असाच एक पोरगा आला, फ्रेडी विल्यम्स. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटचा, पोर्ट्समथच्या गोदीत शिकाऊ कामगार. नाव नाही, रेकॉर्ड नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रेशर.

आता खरा मुद्दा. राय हाऊसला गाडी चालवायला शिकता येतं, पण सामना जिंकायला माणूस सामन्यातच शिकतो, आणि तिथे त्याच्या शेजारी अनुभवी माणूस लागतो. तुमच्या दुकानातही तेच आहे ना? नवा पोरगा शिकतो तो जुन्या कारागिराच्या बाजूला उभा राहून. मग जुना कारागीर शिकवायला का टाळतो? आपण म्हणतो, “त्याचा स्वभावच तसा.” मला वाटतं, दहातल्या आठ वेळा स्वभावाचा काही संबंध नसतो. शिकवण्यात त्याचा पैसा बुडतो, एवढंच.

स्पीडवेत हा हिशेब अगदी उघडा दिसतो. तिथले रायडर म्हणजे एका अर्थाने तुमच्या-माझ्यासारखे छोटे धंदेवाईकच. कमाई दोन गोष्टींवर: किती शर्यतींत उतरलात आणि किती पॉइंट मिळवलेत. पडलात, हाड मोडलं, तर त्या आठवड्याचा गल्ला बंद.

प्रत्येक शर्यतीत दोन्ही टीमचे दोन-दोन रायडर. पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. आपले दोघं पुढे आले की टीमला ५, समोरच्यांना १. समजा नवखा पोरगा पुढे निघालाय आणि त्याच्या मागे अनुभवी गडी आहे. टीमचं भलं कशात? अनुभवी माणसाने पोराला मागे टाकण्याच्या नादी न लागता मागच्या दोघांची वाट अडवून धरण्यात. पण त्याच्या खिशाचं भलं पोराला मागे टाकण्यात, कारण एका पॉइंटचे पैसे जास्त!

यावर या खेळात एक मस्त तोडगा आहे, बोनस पॉइंट. प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवून तुम्ही आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आलात, तर एका जादा पॉइंटचे पैसे मिळतात. टीमच्या स्कोअरमध्ये तो धरत नाहीत, फक्त मानधनात धरतात. म्हणजे जोडीदाराला पुढे जाऊ दिलं म्हणून खिसा हलका होत नाही. बिल किचन या जोडीने चालवण्याच्या कलेत नावाजलेला होता. कॅप्टनही तोच.

आता तुमची इन्सेंटिव्ह स्कीम काढा आणि प्रामाणिकपणे बघा. सेल्समनला त्याच्या स्वतःच्या विक्रीवर टक्के, कारागिराला त्याच्या स्वतःच्या नगांवर पैसे. ज्या दिवशी तो नव्या पोराला शिकवतो, त्या दिवशी त्याचे नग कमी भरतात आणि ती घट तुम्ही त्याच्याच पाकिटातून वसूल करता. वर म्हणता, “जरा पोराकडे लक्ष दे रे.” का देईल तो? पहिले तीन महिने पोराच्या कामातला छोटा वाटा जुन्या माणसाला लावून बघा. ट्रेनिंगचा एवढा स्वस्त मार्ग मला तरी दुसरा माहीत नाही.

बरं, ते “शिकून पळून जातात” त्याचं काय? तेही वेम्ब्लीत झालं. स्प्लिट वॉटरमन नावाचा रायडर १९४७ मध्ये त्यांच्याकडे आला. लष्करात असताना इटलीत स्पीडवे शिकलेला, लोकांचा लाडका. १९५० मध्ये तो हॅरिंगे टीमकडे गेला, ३,००० पौंडांना. त्या काळातली ती विक्रमी रक्कम. असा माणूस गेल्यावर टीम बसली असेल असं वाटतं ना? त्याच वर्षी वेम्ब्लीने लीग जिंकली. आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत, नव्वद हजारांहून जास्त लोकांसमोर, २४ वर्षांचा फ्रेडी विल्यम्स जगज्जेता झाला. आदल्या वर्षीचा जगज्जेता होता टॉमी प्राइस, तोही वेम्ब्लीचा. १९५३ मध्ये फ्रेडी पुन्हा जिंकला, आणि दुसरा कोण आला? स्प्लिट वॉटरमन.

इथे एक फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धवट सांगतोय असं होईल. वॉटरमन गेला तेव्हा क्लबला पैसे मिळाले. तुमचा पोरगा समोरच्या दुकानात गेला तर तुम्हाला दमडी मिळणार नाही. तोटा होतो, मान्य. पण मागे शिकणारी रांग उभी असेल तर तो तोटा एका पगाराएवढा असतो. रांग नसेल तर दुकानाचं शटर ओढायची वेळ येते. आणि फ्रेडी? तो १९५६ पर्यंत वेम्ब्लीकडेच राहिला. सगळेच पळत नाहीत हो.

या खेळाची किंमतही भारी होती, तेही विसरू नका. १९४६ च्या विजेत्या टीममधला ब्रॉन्को विल्सन दुसऱ्याच वर्षी हॅरिंगेच्या ट्रॅकवरच्या अपघातात गेला. माणूस घडवायला घेतला की त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर येते. प्रेस मशीनवर नवा पोरगा बसवताना गार्ड काढून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

शेवटी एक गोष्ट, जी वेम्ब्लीला जमली नाही. स्टेडियमचा प्रमुख आर्थर एल्विन. १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनात हा माणूस सिगारेटच्या टपरीवर नोकरीला होता. प्रदर्शन संपल्यावर तिथली बांधकामं पाडून त्याचं सामान विकण्याच्या धंद्यात त्याने पैसा केला आणि १९२७ मध्ये स्टेडियमच घेतलं. स्पीडवे तिथे १९२९ मध्ये आणला तो त्यानेच. (त्याच्यावर एक वेगळा व्हिडिओ करायचाय.) रायडर घडवायची व्यवस्था या टीमने उभी केली, पण टीमच्या मागे उभा राहणारा दुसरा एल्विन कुणी घडवला नाही. पन्नाशीच्या दशकात खेळाची गर्दी ओसरत होती, करमणूक कराचा बोजा होता, तरी तो होता तोवर टीम चालली. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो गेला आणि नवा सीझन सुरू व्हायच्या आत वेम्ब्लीने लीगमधून नाव काढून घेतलं.

१९७० मध्ये लायन्स परत आले. या वेळी मॅनेजर होता फ्रेडी विल्यम्स. दोन सीझन चालले. मग स्टेडियमच्या तारखा मिळेनात आणि टीम पुन्हा बंद झाली.