परक्या सणाचा हिशोब

परवा शनिवारी सकाळी चहा घेता घेता बायको म्हणाली, "टीचरचं गिफ्ट कार्ड राहिलंय रे, आणि बसवाल्याचंही." मी फोनवर 'नाताळ' नावाचं खातं उघडून शिल्लक बघितली. २१० डॉलर. म्हटलं, घेऊन टाक. संपला विषय.

एवढ्या सरळ संवादापर्यंत पोचायला आम्हाला न्यू जर्सीत बरेच डिसेंबर लागले. आधी याच विषयावर आमच्या घरात दरवर्षी एक तरी खडाजंगी ठरलेली असायची. तिचं म्हणणं, लोक काय म्हणतील. माझं म्हणणं, आपला सण थोडाच आहे? आणि सगळा घोळ माझ्या या वाक्यात होता, असं आता माझं ठाम मत झालंय.

तर झालं असं. २०२१ च्या ब्लॅक फ्रायडेला मी एक टीव्ही घेतला. ११३९ डॉलर, दुकानाच्या कार्डावर, 'बारा महिने व्याज नाही'. आपण सॉफ्टवेअरवाले, हुशार! ९५ गुणिले १२ बरोबर ११४०. ऑटो-पे लावलं आणि विसरलो. त्यात न्यू जर्सीचा सहा पूर्णांक ६२५ सहस्रांश टक्के सेल्स टॅक्स धरायचा राहिला. (हापिसात ज्युनियर पोरांचा कोड तपासताना मी 'एज केस बघितली का?' म्हणून छळतो. असो.) वर्ष संपलं तेव्हा पंचाहत्तर डॉलर बाकी होते. आता अशा कार्डांची गंमत अशी की मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही तर राहिलेल्या पंचाहत्तरवर व्याज लागत नाही. पहिल्या दिवसापासूनचं, म्हणजे तुम्ही वेळच्या वेळी फेडलेल्या पैशांवरचंसुद्धा, साचवून ठेवलेलं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. त्याला डिफर्ड इंटरेस्ट म्हणतात. सत्तावीस टक्के दराने ते झालं १८७ डॉलर, आणि आलं कधी, तर २०२२ च्या ऐन डिसेंबरात.

तो डिसेंबर आधीच तंगीचा होता. उन्हाळ्यात घर घेतलं होतं, साठवलेलं सगळं डाउन पेमेंटमध्ये गेलं होतं. ऑक्टोबरात दिवाळी झाली. मग थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये 'चार हप्त्यांत द्या' वाली बटणं दाबून झाली. हे हप्ते दर दोन आठवड्यांनी असतात. २५ नोव्हेंबरला घेतलेल्या वस्तूचा शेवटचा हप्ता ६ जानेवारीला. म्हणजे झाड उतरवून झालं तरी पैसे जातच असतात.

आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री भावाचा फोन आला. अण्णांना आयसीयूत हलवलंय, निघ. दुसऱ्या दिवसाचं मुंबईचं तिकीट १९०० डॉलर. पहिल्या कार्डाने नकार दिला. दुसऱ्यानेही. बायको शेजारी उभी, लेक झोपलेली, आणि मी, बऱ्यापैकी पगार घेणारा माणूस, ते १६ आकडे पुन्हा पुन्हा टाकतोय, जणू आकडे चुकले असावेत. शेवटी मागच्या गल्लीतल्या मित्राने रात्री साडेबाराला त्याच्या कार्डावर तिकीट काढून दिलं. काही विचारलंही नाही त्याने. अण्णा बरे झाले, मी वेळेत पोचलो, पण ती दहा मिनिटं अजून आठवतात.

विमानात झोप येणं शक्यच नव्हतं. हिशोब मांडत बसलो. सीक्रेट सँटा, तिचं आणि माझं हापिस मिळून ५०. टीचर ५०. बसवाला २०. लेकीची खेळणी २२०. चार मराठी कुटुंबांतली नऊ पोरं, प्रत्येकी ३०, म्हणजे २७०. झाड आणि माळा १४०. रॉकफेलर सेंटरचं झाड बघायला गेलो ती ट्रिप १६०. पार्टीसाठी मुद्दाम वाईट दिसणारे स्वेटर, ८०. (हे मी अजून कोणाला पटवून देऊ शकलेलो नाही.) 'स्वस्त मिळालं म्हणून' स्वतःसाठी घेतलेलं ४६०. आणि वर ते १८७. बेरीज १६३७.

आता गंमत बघा. ज्या सणाला आम्ही 'त्यांचा सण' म्हणून बोटं मोडत होतो, त्यात 'त्यांच्यावर' झालेला खर्च १२० डॉलर! बाकी दीड हजार आमचेच आमच्यावर. पण 'आपला नाही' म्हणून त्याची कधी यादी केली नाही, बजेट केलं नाही. पाहुणा एक दिवस येणार म्हणून त्याला घरखर्चात धरत नाहीत, तसं. फक्त हा पाहुणा दरवर्षी न चुकता पंचवीस तारखेला येतो.

दिवाळीचं असं कधी होत नाही. अण्णा ठाण्याला कंपनीत होते. बोनस दिवाळीच्या तोंडावर यायचा आणि त्याचं काय करायचं हे आईने गणपतीतच ठरवलेलं असायचं. शिवाय तिची बायकांची भिशी. तिचा नंबर ती मुद्दाम ऑक्टोबरात मागून घ्यायची. अर्थशास्त्र वगैरे काही नाही, पण सण आपला होता, म्हणून त्याची तयारीही आपली होती.

अमेरिकन लोकांकडेही ही तयारी होती, हे मला फार उशिरा कळलं. पेनसिल्व्हेनियात कार्लाइल नावाचं गाव आहे. तिथल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनीने १९०९ साली 'ख्रिसमस क्लब' काढला. वर्षभर थोडे थोडे पैसे टाकायचे, डिसेंबरच्या तोंडावर सगळे एकदम परत. थोडक्यात नाताळची भिशी! आजही काही छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन अशी खाती देतात. आम्ही मधले मात्र दोन्हीकडून सुटलो. आईची भिशी ठाण्यात राहिली, यांचा क्लब आम्हाला माहीत नाही, आणि आमचा बोनस येतो मार्चमध्ये.

आल्यावर मी बचतीचं वेगळं खातं उघडलं. दर महिन्याला शंभर डॉलर. फक्त आपल्या स्वतःच्या नावावर, हे महत्त्वाचं. इंग्लंडात फेअरपॅक नावाची कंपनी वर्षभर लोकांकडून नाताळचे पैसे गोळा करायची. २००६ च्या ऑक्टोबरात ती बुडाली आणि लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले. भिशीवाली बाई पळून गेल्याच्या गोष्टी आपल्यालाही नवीन नाहीत. तर पैसे आपल्याच खात्यात, खर्च फक्त त्याच्या डेबिट कार्डावर. खातं संपलं की नाताळ संपला, मग तारीख कोणतीही असो.

नऊ पोरांचा प्रश्न बायकोने सोडवला. चारही आयांना फोन करून म्हणाली, पुस्तक द्यायचं, वाचून झालेलं चालेल. मला वाटलं वाईट वाटेल. उलट तिघी म्हणाल्या, बरं झालं बाई तूच विषय काढलास.

काही मित्र म्हणतात, हे सगळं बंदच करून टाक. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाचा १९९३ चा निबंध ते तोंडावर फेकतात. त्याने येलच्या विद्यार्थ्यांना विचारून असं काढलं की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा भाग वाया जातो, कारण घेणारा त्या वस्तूला तेवढी किंमत देत नाही. आपल्याकडे लग्नात पाकिटात १०१ रुपये घालणाऱ्यांना हे निबंधाशिवाय कळलं होतं. पण दुसरीतल्या पोरीला शाळेत सगळे विचारतात, सँटाने काय आणलं. तिथे मी हा निबंध वाचून दाखवू का? आमच्या घरी सँटा एकच वस्तू आणतो, चाळीस डॉलरच्या आतली. तो हल्ली जरा कंजूष झालाय असं लेकीचं मत आहे, पण येतो.

टीचरच्या बाबतीत मात्र बायको एक पैसा कमी करू देत नाही. माझं आधी म्हणणं होतं पंचवीस पुरे. ती म्हणाली, "सात तास सांभाळतात आपल्या पोरीला, तू एक रविवार सांभाळून दाखव." पन्नासच.

तर शनिवारी २१० मधून टीचरचे पन्नास आणि बसवाल्याचे वीस गेले. मग तिला पोस्टमन आठवला. इथल्या टपाल खात्याच्या नियमाने त्याला रोख पैसे घेता येत नाहीत, वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते. बारा डॉलरचे हातमोजे घेतले. १२८ उरले. माळेतले अर्धे दिवे लागत नाहीयेत, ते आता संध्याकाळी बघतो.