विश्लेषण : व्हेंटिलेटरवरील मुलाचे सलाइन कमी का करतात?

डेंग्यू, न्यूमोनियाच्या दिवसांत बालरुग्णांचे अतिदक्षता विभाग भरतात आणि बाहेरच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : ‘काल दोन बाटल्या चढवल्या, आज सलाइन कमी का केले?’ सलाइन लावले म्हणजे उपचार सुरू झाले, ही आपल्याकडची जुनी समजूत. व्हेंटिलेटरवरील मुलाच्या बाबतीत ती महागात पडू शकते.

पाण्याची गरज कशी मोजतात?

हॉलिडे आणि सीगर या अमेरिकी डॉक्टरांनी 1957 मध्ये दिलेले सूत्र आजही वापरात आहे. पहिल्या 10 किलो वजनासाठी किलोमागे 100 मिलिलिटर, पुढच्या 10 किलोसाठी 50, त्यानंतर 20. म्हणजे 10 किलोच्या बाळाला दिवसाला एक लिटर.

व्हेंटिलेटरवर हा हिशेब बदलतो. एरवी श्वासावाटे बाष्प बाहेर जाते. यंत्र मात्र उबदार, दमट हवा देते, त्यामुळे ही घट कमी होते. शिवाय गंभीर आजारात लघवी रोखणारे संप्रेरक वाढते आणि पाणी शरीरात साठते. म्हणूनच युरोपातील बालअतिदक्षता तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना अशा मुलांना सूत्राच्या 65 ते 80 टक्केच द्रव द्यावा, असे सांगतात. या मोजमापात नळीवाटे दिलेले दूध आणि औषधे पातळ करायला वापरलेले सलाइनही धरायचे असते. हा छुपा द्रव लहान बाळात बराच भरतो.

जास्त झाले तर?

जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या झिरपू लागतात. जादा पाणी फुप्फुसांत उतरते, ऑक्सिजन कमी पडतो, व्हेंटिलेटर लांबतो. 10 किलोच्या बाळाच्या अंगात एक लिटर जादा साठले, तर ते वजनाच्या 10 टक्के झाले. त्यापुढे मृत्यूचे प्रमाण अधिक दिसते. अर्थात अधिक आजारी मुलालाच अधिक द्रव लागतो, त्यामुळे सगळा दोष पाण्याचा, असेही म्हणता येत नाही.

या शंकेला मोठा धक्का दिला तो केनिया, युगांडा आणि टांझानियातील ‘फीस्ट’ चाचणीने. 2011 मध्ये तिचे निष्कर्ष आले. ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांपैकी ज्यांना झपाट्याने द्रव दिला, त्यांच्यात 48 तासांतील मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते; न दिलेल्यांत 7.3 टक्के. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती आणि जुलाबाची मुले वगळली होती. त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावणे चूक. जुलाबाने सुकलेल्या मुलाला पाणी हवेच.

डेंग्यूत काय होते?

इथे वेळ महत्त्वाची. झिरपण्याचा काळ साधारण 24 ते 48 तासांचा. तेव्हा सलाइन जीव वाचवते. नंतर तेच पाणी रक्तात परतते. त्या वेळी जुन्याच वेगाने बाटली चालू राहिली, तर छातीत पाणी वाढून श्वास अडतो. कालच्या दोन बाटल्या आणि आजची काटकसर, दोन्ही बरोबर असू शकतात.

परिचारिका डायपर वजन करून लघवी मोजतात, तीही यासाठीच. पाणी साठलेच तर लघवी वाढवणारी औषधे, गरज पडल्यास डायलिसिस. नातेवाइकांनी बाटल्या मोजण्यापेक्षा डॉक्टरांना रोज एवढेच विचारावे : आज किती गेले, किती बाहेर आले?