सहाचा फेरा
जुन्या वळणाच्या लिनक्स यंत्रांना शून्य ते सहा अशा सात अवस्था असत. त्यांना रनलेव्हल म्हणत. रेड हॅटच्या घराण्यात ० म्हणजे यंत्र बंद, १ म्हणजे फक्त रूटसाठी उघडलेलं दुरुस्तीचं दार, ३ म्हणजे नेटवर्कसह सगळ्यांना प्रवेश पण पडदा काळा, ५ म्हणजे चित्रखिडक्यांचा थाट आणि ६ म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. रूट होऊन ‘इनिट ३’ टाइप केलं, की डोळ्यांदेखत खिडक्या विझत आणि लॉगिनची ओळ तेवढी उरे. एकदा इनिटटॅब फाइलमध्ये नेहमीच्या मुक्कामाचा आकडा म्हणून ५ऐवजी मी ६ लिहून बसलो. यंत्र उठायचं, सावरायचं आणि लगेच पुन्हा निजायचं, नुसत्या उठाबशा! शेवटी बूट होताना कर्नलच्या ओळीला १ जोडला, तेव्हा कुठे आत शिरता आलं. २०१० साली सिस्टमडी आलं आणि पुढे आकड्यांच्या जागी नावं बसली: रेस्क्यू, मल्टी-यूजर, ग्राफिकल. आता ‘सिस्टमसीटीएल आयसोलेट’ म्हणून पुढे मुक्कामाचं नाव सांगायचं. नावांनी अर्थ चटकन कळतो, हे खरं. पण ‘रनलेव्हल’ विचारल्यावर ‘एन ५’ एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या यंत्राचा मितभाषीपणा काही औरच होता.