अल्प अपेक्षेचा अन्याय

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडून समाज कसली अपेक्षा करतो, यावरून त्या समाजाची स्वतःविषयीची कल्पनाही कळून येते. परीक्षेत बरे गुण मिळवावेत, वाईट संगतीपासून दूर राहावे आणि वडीलधाऱ्यांना त्रास देऊ नये, एवढ्यावर ही अपेक्षा बहुधा थांबते. या वयातील मुले भावनावश व अविचारी असतात, गंभीर कार्य त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते, असे गृहीत धरले म्हणजे मोठ्यांचीही सोय होते. कारण मग मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे दायित्व उरत नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील काही ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी १९५१ साली हे गृहीत खोटे ठरविले. त्यांची हकिकत शिक्षणाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

व्हर्जिनियातील फार्मव्हिल या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल ही स्वतंत्र शाळा होती. गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात बसण्यास त्यांना कायद्यानेच मज्जाव होता. १९३९ साली सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत १९५१ पर्यंत साडेचारशेहून अधिक विद्यार्थी शिकू लागले. त्यांची सोय म्हणून शाळा-मंडळाने नवी इमारत न बांधता लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली. पावसात ती गळत आणि थंडीत शेगडीजवळची मुले घामाघूम होत असता दूरची कुडकुडत असत. शाळेला व्यायामशाळा नव्हती, भोजनगृह नव्हते. पालकांनी केलेल्या अर्जविनंत्यांना आश्वासनांपलीकडे काही मिळाले नाही. या मुलांना याहून अधिक शिक्षण मिळून उपयोग काय, हाच या दिरंगाईचा खरा अर्थ होता. अपेक्षा अल्प ठेवली की खर्चही अल्प लागतो!

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी या शाळेत शिकत होती. शाळेच्या स्थितीबद्दल तिने एका शिक्षिकेपाशी गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्या बाईंनी, मग तूच काही का करीत नाहीस, असा उलट प्रश्न केला. बार्बराला प्रथम त्याचे वाईट वाटले; परंतु तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. या काळात आपण साहाय्यासाठी देवाची प्रार्थना करीत होतो, असे तिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. प्रार्थनेनंतर ती स्वस्थ बसली नाही, हे महत्त्वाचे. निवडक सहविद्यार्थ्यांना विश्वासात घेऊन तिने अनेक महिने गुप्तपणे तयारी केली. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना काही निमित्ताने शाळेबाहेर जावे लागेल अशी व्यवस्था करून विद्यार्थ्यांनी सभा भरविली, शिक्षकांना सभागृहातून जाण्याची विनंती केली आणि साडेचारशेहून अधिक मुले संपावर गेली. मुख्याध्यापकांना फसविण्याची ही युक्ती नीतीच्या काटेकोर कसोटीला उतरणार नाही. तथापि शिस्तबद्ध संघटनेची जी जाण या मुलांनी दाखविली, ती त्यांच्या वडिलांच्या पिढीलाही साधली नव्हती.

या घटनेत चर्चचा वाटा मोठा होता. बार्बराचे चुलते व्हर्नन जॉन्स हे माँटगोमेरी येथील डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते. देवळात न्यायाची स्तोत्रे गाऊन बाहेर अन्यायापुढे मान तुकविणाऱ्या आपल्याच मंडळींना ते खडे बोल सुनावीत. पुढे १९५४ साली त्यांच्या जागी मार्टिन ल्यूथर किंग आले. फार्मव्हिलचे तरुण पाळक रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी विद्यार्थ्यांना आधार दिला आणि ३ मे रोजी त्यांच्याच चर्चमध्ये भरलेल्या सभेत पुढील दिशा ठरली. विद्यार्थ्यांची मूळ मागणी चांगल्या इमारतीपुरती होती. परंतु वर्णविभक्त शिक्षणपद्धतीलाच आव्हान देण्याची तयारी असेल तरच खटला चालवू, असे वकिलांनी सांगितले, आणि मुलांनी ही अधिक अवघड वाट पत्करली. ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दाखल झालेला हा खटला इतर चार खटल्यांसह अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १७ मे १९५४ च्या ऐतिहासिक निकालाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

तथापि श्रद्धा असली की सर्व साधते, असा सोपा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. वर्णभेदाचे समर्थन करणारे गोरे नागरिकही ख्रिस्तीच होते, तेही रविवारी चर्चला जात आणि तेच बायबल वाचीत. एकाच धर्मग्रंथाने काहींना अन्यायाशी तडजोड करण्यास शिकविले, तर काहींना त्याविरुद्ध उभे केले. ज्या श्रद्धेमुळे आपण ईश्वराची लेकरे आहोत असा आत्मविश्वास येतो आणि त्याबरोबरच शेजाऱ्याविषयीचे कर्तव्यही अंगावर येते, तीच माणसाला मोठे करते.

या मुलांना किंमतही मोजावी लागली. बार्बराच्या सुरक्षिततेची काळजी वाटून घरच्यांनी तिला माँटगोमेरीला चुलत्यांकडे पाठविले. शाळा एकत्र करण्याऐवजी परगण्याने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुले मात्र शिक्षणाला मुकली. अनेकांचे शिक्षण कायमचे तुटले. १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम येथे शेकडो शाळकरी मुले चर्चमधून मोर्चाने निघाली, तेव्हा त्यांच्यावर पोलिसांनी कुत्रे आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडले. मुलांना अशा लढ्यात उतरवावे काय, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्त होता. मोठ्यांनी आपले ओझे मुलांच्या खांद्यावर टाकू नये, हे खरेच. परंतु फार्मव्हिलला मुलांना कोणी पुढे ढकलले नव्हते. मोठे थांबले होते म्हणून ती पुढे गेली.

महाराष्ट्राला हा अनुभव सर्वस्वी परका नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. ती ख्रिस्ती नव्हती. पण जिच्याकडून समाजाने कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती, अशा मुलीने त्याच समाजाला बिनतोड प्रश्न विचारले. तिला अक्षर देणारे शिक्षक आणि तिचे लेखन छापणारे संपादक, दोघांनाही ती काही सांगू शकेल असे वाटले, याचे मोल कमी नाही.

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली निवर्तली. अमेरिकेच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा २०२० साली हलविण्यात आला आणि त्याच्या जागेसाठी तिच्या पुतळ्याची निवड झाली. हा सन्मान उचित असला, तरी खरा धडा त्या शिक्षिकेच्या प्रश्नात आहे. विद्यार्थी तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याला गप्प बसविणे सोपे असते आणि त्याची कीव करणे त्याहून सोपे असते. तो काही करू शकेल असे मानून त्याला प्रश्न विचारणे आणि नंतर त्याच्या पाठीशी उभे राहणे कठीण आहे. आपल्या वर्गांतून हे कठीण काम किती वेळा होते, याचा हिशेब शिक्षकांनी आणि पालकांनी मनाशी करून पाहावा.