चाड्यावरची मूठ, वाफ्यातला अंगठा

जेथ्रो टल या इंग्रजाने १७०१ साली पेरणीयंत्र काढले, हे कृषी शिकणाऱ्या पोरांना पाठ असते. पण त्यांच्याच आजोबांच्या पडवीतल्या पाभरीवर कधी प्रश्न येत नाही. फणांमागच्या बांबूच्या नळ्या वर एका लाकडी चाड्याला मिळालेल्या आणि चाड्यावर मूठ. बी किती सोडायचे ते बोटे ठरवत, ओळीत पडायचे काम नळ्यांचे. १७९०च्या दशकात गुंटूरकडे कॅप्टन हॅलकॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याला असेच औजार शेतात चालताना दिसले. ही युक्ती युरोपातली, तीही अलीकडची, असा त्याचा समज होता. तो तिथेच गळाला.

आता सोयाबीन, गहू पेरायला ट्रॅक्टर येतो आणि मुठीचे काम खाचांचा रोलर करतो. छान झाले. पण नाशिक ज्याच्या नावाने ओळखले जाते तो कांदा बहुतेक जण पेरत नाहीत, लावतात. पेरणी वेगळी, लागवड वेगळी. यंत्रवाल्यांनी पहिलाच शब्द ऐकलेला दिसतो. उळे टाकायचे, दीड-पावणेदोन महिन्यांनी रोप उपटायचे, शेंडे छाटायचे आणि वाफ्यात पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर एकेक अंगठ्याने दाबायचे. एकरी हिशेब अडीच लाख रोपांच्या घरात जातो. सगळे ओणव्याने. इगतपुरीकडच्या भाताच्या आवणीची तीच गत, आणि जपानमध्ये भातलावणीची यंत्रे १९७०च्या दशकातच शेतोशेती फिरू लागली होती.

कांदा लावायची यंत्रे निघालीच नाहीत असे नाही. पुष्कळ यंत्रांना ट्रेमधले, एकसारखे रोप लागते. आपले वाफ्यातून उपटलेले, लहानमोठे. मध्ये वाफ्यांचे बांध. अडचण खरी आहे. पण द्राक्षबागेत ट्रॅक्टर आणि ब्लोअर फिरावा म्हणून आपण दोन ओळींतले अंतर त्याच्या मापाने ठेवतोच की! वाफ्याचे माप मात्र कुणी बदलायला धजत नाही. ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर मालक नाहीतर त्याचा पोरगा बसतो. वाफ्यात वाकतात त्या रोजाने आलेल्या बाया.

‘मजूर मिळत नाही’ ही ओरड दर हंगामात असते. मिळत नाहीत त्या बायाच. उक्ते ठरवायला, टोळी आणायला पहाटे पिकअप घेऊन त्यांच्या दारी जावे लागते. यंत्राची चौकशी सुरू झाली ती त्यानंतर.